डोळ्यातली बाहुली

पहिल्यांदा तो आला तो चुकूनच. जायचं होतं दाताच्या डॉक्टरकडे, शिरला शेजारच्या दारात आणि गाल धरून तिच्या खुर्चीत बसला.

"अहो, इथे डोळे तपासतात," ती म्हणाली.

"मग डोळे तपासा. बसलोच आहे तर..."

शब्दकोशाच्या कचेरीत तो मुद्रितं तपासायचा. चष्मा लागलाच. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, धूसर दिसतं म्हणून. आणि आज तिसऱ्यांदा.

"नंबर तोच आहे," ती हसू दाबत म्हणाली.

"मग डोळे का दुखतात?"

"थेंब घालून पडदा बघते, म्हणजे शंका नको. आणि आता काही वाटलं तर नव्या मॅडमना दाखवा हं. सोमवारपासून माझी दुसऱ्या दवाखान्यात बदली झालीय."

त्याने मान मागे टेकवली. थेंब घातले, पडदा तपासून झाला, सगळं ठणठणीत. तेव्हा कुठे त्याने पिशवीतून एक कागद काढला आणि डोळे किलकिले केले. "पाचच्या आत हे पान द्यायचंय. पण अक्षरं नुसती मुंग्यांसारखी..."

"थेंब घालण्याआधी नाही का सांगायचं?"

"बदलीचं ऐकलं... आणि काही सुचलंच नाही."

तिने कागद ओढून घेतला आणि वाचू लागली. "प्युपिल. एक, विद्यार्थी. दोन, डोळ्यातली बाहुली. मूळ लॅटिन पुपिल्ला, म्हणजे छोटी बाहुली. ग्रीकमध्येही कोरे, म्हणजे मुलगी, आणि डोळ्यातली बाहुलीही..." ती थबकली. "अगंबाई! आपणही बाहुलीच म्हणतो की. रोज चाळीस जणांच्या बघते मी, पण हे कधी मनातच आलं नाही. बाहुलीच का पण?"

"समोरच्याच्या डोळ्यात आपलं इवलंसं रूप दिसतं ना, म्हणून. बघा की."

ती वाकली. यंत्राशिवाय इतक्या जवळून तिने कुणाच्या डोळ्यांत पाहिलंच नव्हतं. थेंबांनी मोठ्या झालेल्या त्या काळ्याभोर वर्तुळात पांढऱ्या कोटातली, बट सुटलेली, एवढीशी ती...

"दिसली?"

"दिसली."

"महिनाभर तिथेच आहे," तो हळूच म्हणाला. "तुमची बदली झाली, तरी ती काही हलायची नाही."

तिचे कान तापले. घाईघाईने तिने कागदात डोकं घातलं. "इथे... इथे चूक आहे. 'बाहुली'तला हु दीर्घ पडलाय."

"करा दुरुस्त," तो म्हणाला. मग जरा चाचरत, "सोमवारी तुम्ही किती वाजता सुटता?"

"सहाला." पेन हातातच राहिलं. "पण डोळे दुखतात म्हणून येऊ नका."

"मग?"

"मला भेटायला म्हणून या."