साहेब, उतरू का?

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण यातला शब्दन् शब्द माझ्या मामाने मला सांगितलाय, आणि मामा थापा मारणाऱ्यांतला नाही.

मामा घरोघरी जाऊन ऑडिओ सिस्टिम दुरुस्त करतो. तीस वर्षं झाली या धंद्यात. "भूतबित काही नसतं रे, लूज कनेक्शन असतं," असं हसत म्हणायचा.

म्हणायचा... आता म्हणत नाही.

रात्रबित्र काही नव्हती. मंगळवारची दुपार, बाहेर लख्ख ऊन. गावाबाहेरच्या वसाहतीतलं अगदी टोकाचं घर. बसकं, वर मजलासुद्धा नाही.

दार त्या घरातल्या काकूंनी उघडलं. दुरुस्तीसाठी फोन त्यांनीच केला होता.

"रोज सव्वा वाजता स्पीकरमधून कुणीतरी बोलतं हो. दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं येतंय यात. यांच्या घशाखाली घास उतरत नाही त्यापायी."

'हे' हॉलमध्ये खुर्चीत ताठ बसले होते. मोठमोठ्या इमारतींच्या बांधकामावर सुपरवायझर होते, आता निवृत्त. घरातसुद्धा सगळे त्यांना साहेबच म्हणायचे.

"रेडिओचा सिग्नल घुसतोय, तेवढा काढा," साहेब म्हणाले. "नसत्या चौकशा नकोत."

मामाला अशा गिऱ्हाइकांची सवय होती. त्याने पेटी उघडली.

घड्याळात सव्वा वाजला.

आधी नुसती खरखर आली. मग वारा... उंचावर सुटतो ना, तसा शिट्टी घालणारा वारा.

आणि मग एका माणसाचा आवाज.

"साहेब, वारा वाढलाय. उतरू का?"

मामा निर्धास्त झाला. जवळपास कुठेतरी काम चालू असणार, तिथल्या वॉकीटॉकीचं बोलणं इथे शिरतंय. स्पीकरची लांब वायर म्हणजे आयता एरियल. बाहेरचा सिग्नल अडवायला त्याने वायरींवर फेराइटची काळी कडी चढवली.

"साहेब... उतरू का?"

आवाज तसूभर कमी झाला नाही.

मामाने अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग काढला.

आवाज आणखी स्वच्छ झाला.

त्याने स्पीकरच्या वायरी उपटल्या. दोन्ही स्पीकर नुसते लाकडी खोक्यांसारखे उभे राहिले. कशाचा कशाला संबंध नाही.

तरी स्पीकरच्या आतला कागदी पडदा थरथरत होता...

"साहेब, क्रेन हलतेय. ऐकताय ना?"

मामाच्या कपाळावर घाम फुटला. पण हाडाचा मेकॅनिक तो. त्याने पेटीतून छोटा रिसीव्हर काढला. सिग्नल ज्या बाजूने येतो, तिकडे तोंड केलं की त्याचा काटा चढतो.

खिडकीकडे नेला. काटा पडून.

दाराबाहेर अंगणात नेला. पडून.

परत हॉलमध्ये आला... आणि काटा उडाला.

मामा पावलापावलाने पुढे गेला. खुर्चीपाशी थांबला. खुर्चीला वळसा घालून मागच्या बाजूने धरून बघितलं.

छे. सिग्नल बाहेरून येतच नव्हता.

तो साहेबांमधून येत होता.

"साहेब," मामा हळूच म्हणाला, "हा कोण आहे?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"टॉवर क्रेनचा ऑपरेटर," ते शेवटी म्हणाले. "नऊ वर्षं झाली. वारा सुटला होता. खाली उतरायला माझी परवानगी लागायची. तो विचारत होता... मी जेवत होतो. किरकिर नको म्हणून वॉकीटॉकी बंद केला."

"मग?"

"क्रेन कोसळली."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "पण तुम्ही तर म्हणालात, तुम्ही उतर म्हणून सांगितलं होतं! त्यानेच ऐकलं नाही!"

"चौकशीत तसंच लिहून दिलं मी."

तेवढ्यात स्पीकरमधला वारा थांबला. पहिल्यांदाच.

"खोटं लिहिलंत, साहेब," आवाज म्हणाला. "माझ्या पोरांना लोक अजून म्हणतात, तुमचा बाप स्वतःच्या हट्टाने मेला."

काकूंनी तोंडावर पदर धरला. हे एकदाचं संपावं, एवढंच मामाच्या डोक्यात होतं.

"अहो, द्या ना त्याला उत्तर!" तो ओरडला. "आता तरी द्या!"

साहेब स्पीकरकडे वाकले.

"उतर... खाली उतर, बाबा."

एक क्षण सगळं सामसूम.

"उतरतो, साहेब."

ठण्...

ठण्... ठण्...

लोखंडी शिडीवर बूट पडत होते. खूप वरून. सावकाश. त्या घराला लोखंडी शिडीच नव्हती.

ठण्... ठण्...

आता आवाज स्पीकरमधून येत नव्हता. छतातून येत होता.

मामाने साहेबांकडे बघितलं. पंखा बंद होता. खिडकीचा पडदा जागचा हलत नव्हता. आणि साहेबांचे पांढरे केस वाऱ्यावर भुरुभुरु उडत होते...

"उठा साहेब!" मामाने त्यांना दंडाला धरून ओढलं. साहेब हलेनात. खुर्ची जमिनीत रुतल्यासारखी झाली होती.

शेवटी त्याने काकूंचा हात धरला आणि अंगणात पळ काढला. मागे दार आपटलं.

आतून साहेबांचा आवाज आला, "नको! मी सांगतो सगळ्यांना! खरं सांगतो!"

मग काहीच नाही.

आणि मग किंकाळी.

ती घरातून आली नाही. वरून आली. छपराच्याही वरून, मोकळ्या आभाळातून... आणि खाली खाली येत गेली.

धप्प.

दार आपोआप उघडलं. साहेब खुर्चीतच होते, पण जीव गेला होता. खुर्चीवर ओरखडासुद्धा नव्हता.

डॉक्टरांनी तपासलं आणि काकूंना एकच प्रश्न विचारला, "हे कुठल्या इमारतीवरून पडले?" पायापासून मणक्यापर्यंत एक हाड धड नव्हतं.

पुढे काकू स्वतः त्या ऑपरेटरच्या घरी गेल्या. त्याच्या पोरांसमोर खरं काय ते सांगून आल्या. त्या घरातला आवाज थांबलाय म्हणे.

मामाची झोप मात्र गेली ती गेलीच. "मी सांगितलं म्हणून त्यांनी उत्तर दिलं रे," एवढंच म्हणतो. मी समजूत घालायला गेलो तर उठून जातो.

काम सोडलं नाही त्याने. पण स्पीकरमध्ये कुणाचं तरी बोलणं येतंय असा फोन आला, की तो आधी एकच विचारतो.

"आवाज ओळखीचा आहे का?"

परवा कुणीतरी 'हो' म्हणालं.

मामाने तिथेच फोन ठेवला... आणि त्या दिवशी पेटीला हातसुद्धा लावला नाही.