जंतू मेले, विष उरलं

साल २०६१. निषादच्या घशातले जंतू मरून दोन दिवस झाले होते, तरी त्याचं हृदय तासातासाला थकत चाललं होतं. अकरा वर्षांच्या मिहिकाला हे कोडं सुटेना. गडहिंग्लजच्या त्या लहानशा रुग्णालयात तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. निषादच्या खोलीच्या काचेपाशी जायची, भावाकडे बघायची, परत फिरायची. तिला आतून एकच गोष्ट खात होती. घसा आधी तिचा दुखला होता. ती चार दिवसांत बरी झाली आणि सहा वर्षांच्या निषादला मात्र घटसर्पानं गाठलं.

वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत तिची स्वराआत्या काम करायची. मिहिका तिच्याकडे गेली.

"औषधानं जंतू मेले ना, आत्या? मग तो बरा का होत नाही?"

"जंतू मेले, पण मरण्याआधी जीवविष (जंतूंनी तयार केलेलं विष) सोडून गेले," आत्या म्हणाली. "ते रक्तातून हृदयापर्यंत पोचतं. त्याला धरायला प्रतिपिंडं लागतात (शत्रूला नेमकी चिकटणारी, शरीरात बनणारी प्रथिनं). आमच्या साठ्यात ती आहेत. पण या जंतूच्या विषाचा आकार बदललाय. आमची त्याला चिकटतच नाहीत."

"मग माझ्या अंगातल्या विषाचं काय झालं?"

"तू बरी झालीस, म्हणजे त्याला चिकटणारी प्रतिपिंडं तुझ्या अंगात बनली असणार," आत्या म्हणाली. मग खाली थांबलेल्या बाबांना विचारून तिनं मिहिकाचं दोन नळ्या रक्त घेतलं.

यंत्रानं रक्तातली एकेक पांढरी पेशी वेगळ्या थेंबात बसवली. प्रत्येक थेंबात निरुपद्रवी केलेलं विष होतं; प्रतिपिंड चिकटलं की ते चमकणार होतं.

"प्रतिपिंडं बनवणारी प्रत्येक पेशी एकाच आकाराचं प्रतिपिंड बनवते," आत्यानं सांगितलं. "आपल्याला हवी ती पेशी शोधायची."

वीस हजार थेंब गेले. मिहिका नखं कुरतडत होती. अखेर एक थेंब उजळला. पण त्यातलं प्रतिपिंड आणि खरं विष एकत्र घातलं, तरी बशीत वाढवलेल्या हृदयपेशी मेल्याच.

"चिकटलं तर होतं," मिहिका म्हणाली.

"भलत्या जागी चिकटलं. विष ज्या टोकानं पेशीत शिरतं, तेच टोक झाकायला हवं."

खाली निषादची नाडी आणखी मंदावली होती. एकेचाळीस हजारांच्या पुढे दुसरा थेंब उजळला. या वेळी बशीतल्या पेशी धडधडत राहिल्या.

आत्यानं त्या पेशीतली प्रतिपिंडाची कृती उतरवून घेतली आणि झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींना दिली. त्या हुबेहूब तेच प्रतिपिंड बनवू लागल्या. म्हणूनच अशा प्रतिपिंडांना एककृंतक प्रतिपिंडं (एकाच पेशीपासून आलेली, तंतोतंत सारखी) म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली बाटली निषादला लावली.

"आता लगेच उठेल?"

"नाही, मिहू. रक्तातलं विष धरलं जाईल. पेशींत शिरलेलं काढता येत नाही. तेवढं हृदयालाच सावरू दे."

सहा दिवस गेले. सातव्या सकाळी निषादनं घोगऱ्या आवाजात पाणी मागितलं. पाजताना मिहिकाच्या हातून निम्मं सांडलं.

ती धावत वर गेली. आत्या चंदगडला याच जंतूनं आजारी पडलेल्या पाच मुलांसाठी बाटल्या भरत होती.

"आत्या, आत शिरलेलं विष काढणारं काहीच नाही?"

"अजून कुणाला जमलं नाही. शोधणारी माणसं कमी आहेत."

मिहिकानं हात धुतले, एक बाटली पुढे ओढली आणि तिच्यावर नीट चिठ्ठी चिकटवली.