हात लावायचा नाही

प्रयोगशाळेच्या मधोमध टँकरची एक केबिन मांडून ठेवली होती. तिला खाली चाकं नव्हती, पुढे काचेऐवजी पडदा होता आणि त्या पडद्यावर सापतळी घाटाचा रस्ता धावत होता. आत कलावती मुळीक बसली होती. बावीस वर्षं दुधाचा टँकर चालवलेल्या या बाईला आज एकच काम दिलं होतं, मांडीवरचे हात उचलायचे नाहीत. पडद्यावर वळण आलं आणि तिचा उजवा हात आपसूक स्टिअरिंगवर गेला. बाहेर बसलेल्या डॉ. निरंजन पाटणकरांनी मान हलवली आणि संगणकावर आणखी एक खूण केली.

पाटणकर 'निश्चिंत' प्रणालीचे जनक. 'निश्चिंत' म्हणजे महामार्गावरचं हस्तमुक्त चालन. गाडी आपली आपण वळते, थांबते, वेग धरते. चालकाने फक्त रस्त्याकडे बघत राहायचं. तो खरंच बघतोय ना, यावर नेत्रपहारा नावाचा कॅमेरा डोळे लावून असतो. नजर तीन सेकंद हलली की सीट थरथरते. मुळातच बारीक डोळ्यांच्या महिपती नावाच्या चालकाला हा पहारेकरी जागेपणीही झोपलेला धरायचा आणि बिचारा महिपती सांगली येईपर्यंत थरथरत बसायचा. दूध संघाच्या चारशे टँकरांवर ही प्रणाली बसून दोन वर्षं झाली होती. सरळ रस्त्याला तिचा आराम आहे, पाठ कमी दुखते, हे कलावतीही मोकळेपणाने कबूल करत असे. तिचं भांडण होतं ते वळणांवरून.

पाटणकरांनी तिला बाहेर बोलावून आकडा दाखवला. शंभर किलोमीटरला तिचा हस्तक्षेपांक, म्हणजे हात लावल्याची मोजणी, एकतीस होता आणि मर्यादा पाचची. नुसत्या बसलेल्या माणसाला परिस्थितीचं भान यायला सहा-सात सेकंद लागतात, त्यामुळे मध्येच पडलेला हात यंत्रापेक्षा जास्त घातक ठरतो, असं त्यांनी समजावलं. ते खोटंही नव्हतं. महिन्याभरात आकडा पाचाच्या आत आला नाही, तर तिचा हस्तमुक्त परवाना रद्द होणार होता, आणि त्या परवान्याशिवाय आता महामार्गावर टँकर नेता येत नसे. मग टाक्या धुण्याचं काम होतंच तिच्यासाठी.

"साहेब," कलावती म्हणाली, "टाकी अर्धी असली की दूध मागं-पुढं पळतंय. वळणाआधी तीनदा ब्रेक दाबून सोडायचा, दूध बसू द्यायचं, मग वळायचं. दूध कवा बसलं ते मला पाठीत कळतं. तुमच्या यंत्राला पाठ हाय का?"

पाटणकर हसले. पण पलीकडच्या टेबलावरच्या डॉ. झरीन मुजावर यांनी मान वर केली. द्रव पदार्थांच्या हालचाली हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता. धुवायला सोपं जावं म्हणून दुधाच्या टाकीत दूध अडवणाऱ्या आडभिंती नसतात, हे त्यांना माहीत होतं.

"सर, यंत्राला वजन कळतं. पण वजन हलतंय हे कळतं का?" त्यांनी विचारलं.

"कळायची गरज नाही. ते चालकांकडून शिकतं. ज्या किलोमीटरला चालकाने हात लावला नाही, तो बरोबर. लावला, तर ती यंत्राची चूक. धुकं असलं, रस्ता खणलेला असला, तर ते स्वतःच गाडी चालकाच्या हवाली करतं; तो किलोमीटर कशातच धरत नाही. चुका कमी करायच्या, एवढंच त्याचं ध्येय."

"आणि परवान्याच्या भीतीने कुणी हात लावला नाही तर?"

"भीती मोजायचं साधन माझ्याकडे नाही, झरीन. हात लागला की नाही, एवढंच मोजता येतं." मर्यादा संघाच्या व्यवस्थापनाने घातली आहे, आपण नाही, असंही त्यांनी सांगितलं.

मुजावरबाईंनी एक सविस्तर टिपण लिहून व्यवस्थापनाला पाठवलं. त्याचं पुढे जे व्हायचं तेच झालं, म्हणजे काहीच झालं नाही.

चालकांनी मात्र नियमाचा धसका घेतला. घाटात दूध मागे सरकलेलं कळायचं, तरी माणसं हातावर हात ठेवून बसायची. आणि हात लागत नाही म्हणजे आपलं बरोबर आहे, असा यंत्राने सरळ हिशेब केला. सापतळीच्या मोठ्या वळणाचा वेग त्याने बेचाळिसावरून चव्वेचाळीस केला. कुणी हरकत घेतली नाही. मग सत्तेचाळीस, मग एकावन्न. एकोणिसाव्या दिवशी भर दुपारच्या उन्हात विलास लोकरेचा टँकर त्या वळणावर आडवा झाला.

रस्ता निसरडा होता, असं चौकशी अहवालात आलं. कलावती दवाखान्यात गेली तेव्हा विलासचा पाय दोन ठिकाणी मोडून वर टांगलेला होता, आणि एवढं होऊनही तोच शरमला होता.

"अक्का, दूध मागं गेलं ते कळलं हुतं मला," तो म्हणाला. "हात उचलला बी हुता. पण माझे चार झाले हुते."

कलावतीने त्याच्या उशाशी मोसंबी ठेवली आणि ती बाहेर आली. ती संतापली होती. तिने स्वतः या दिवसांत एकदाही हात आवरला नव्हता. आकडा एकतीसवर ठाम होता आणि महिना संपायला अकरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी टाक्या धुवायच्या आवारात चालक जेवायला बसले होते, तिथे ती उभी राहिली.

"उद्यापासनं सापतळीला हात लावायचा. सगळ्यांनी. दूध बसू द्यायचं आणि मगच वळायचं. एकटीचा परवाना काढतील ते. चारशेंचा काढला, तर दूध काय साहेब लोक डोक्यावरनं नेणार हाईत?"

महिपतीने शंका काढली की आधी कुणी सुरुवात करायची. तेव्हा ती म्हणाली की सुरुवात तिने कधीच केली आहे, बाकीच्यांनी फक्त मागून यायचं.

पहिल्या दिवशी साठेक जणांनी हात लावला, चौथ्या दिवशी झाडून सगळ्यांनी. व्यवस्थापनाने परवाने रद्द करण्याची यादी काढायला घेतली. पत्रं सोमवारी निघणार होती.

शुक्रवारी सकाळी कलावतीचा टँकर सापतळीला आला. ऊन लख्ख होतं, रस्ता मोकळा. तिचे हात मांडीवरून उठायच्या आधीच केबिनमधला आवाज म्हणाला, "कृपया स्टिअरिंग हाती घ्या." धुकं नसताना हे काय, असं मनात आलं, पण हात थांबले नाहीत. तिने दूध बसू दिलं आणि वळण काढलं. संध्याकाळपर्यंत कळलं की हे सगळ्यांनाच झालं होतं. दोन दिवसांत तर टाकी अर्धी असली की प्रत्येक वळणाआधी यंत्र आपणहून गाडी सोपवू लागलं.

कुणीतरी यंत्र मुद्दाम बिघडवलं, अशी पाटणकरांची खात्री होती. मुजावरबाईंनी नोंदी पुन्हा पुन्हा तपासल्या.

"बिघडलेलं नाही, सर. त्याने वेग पंचेचाळीस केला, चाळीस केला, पस्तीसवर आणला. तरी हात लागतच राहिले, म्हणजे चुका होतच राहिल्या. चूक टाळायचा एकच मार्ग उरला. हात लागण्याआधी गाडी हवाली करायची. तो किलोमीटर कशातच धरत नाही, हा नियम आपलाच आहे."

"मग हवाली करणं बंद करा."

"म्हणजे धुक्यातही करणार नाही ते. त्या आदेशावर सही तुम्ही करता का?"

पाटणकरांनी सही केली नाही आणि व्यवस्थापनातही कुणी केली नाही. यादीतली पत्रं निघालीच नाहीत, कारण रद्द करायला ताजा आकडा लागे, आणि तो आता शून्यावर आला होता.

पुढच्या आठवड्यात कलावतीला प्रयोगशाळेत बोलावणं आलं. परवाना गेला असंच धरून ती आली होती. पाटणकरांनी तिच्यापुढे एक जाड, रंगीत कागद सरकवला. आठवड्याचा हस्तक्षेपांक शून्य, म्हणून नियमाप्रमाणे 'आदर्श हस्तमुक्त चालक' हे प्रमाणपत्र संगणकाने आपोआप छापलं होतं. असे चारशे निघाले होते. या आठवड्यात घाटातलं एकेक वळण तिने दोन्ही हातांनी काढलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि साहेबांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला होता.

सोबत एक हमीपत्र होतं. 'निश्चिंत' प्रणालीवर माझा पूर्ण विश्वास आहे, एवढं एकच वाक्य त्यावर होतं. खाली सही हवी होती.

कलावतीने ते दोनदा वाचलं आणि पेन मागून घेतलं.

"करते की सही," ती म्हणाली. "माझ्याशिवाय कुठं निभणार न्हाई, हे तुमच्या यंत्राला कळलं आणि त्यानं तोंडानं सांगितलं. तुम्ही विलासला भेटायला कवा जाताय, साहेब?"

तिने सही केली, प्रमाणपत्र टेबलावरच ठेवलं आणि दुपारच्या फेरीला निघून गेली.