शार्लोची, थोरल्या प्येरची

समुद्राचं पाणी गाडीच्या पुढच्या चाकांना लागलं होतं, आणि आतला माणूस आरामात सँडविच खात बसला होता.

ओदीलने वरच्या रस्त्यावरून हे पाहिलं आणि आधी तिला हसूच आलं. धुक्यात गाडीचा नंबर दिसत नव्हता, पण ती गावातली नव्हती हे नक्की. सेंत-मारीच्या उपसागरावर शेंबडं पोरसुद्धा भरतीच्या वेळी वाळूत गाडी लावत नाही. ती धावत खाली गेली आणि काचेवर टकटक केली.

"गाडी हवीय, की समुद्राला देऊन टाकलीत?"

"म्हणजे?"

"म्हणजे तासाभरात इथे एकावर एक उभे केलेले दोन बाप्ये बुडतील एवढं पाणी येतं!"

त्याने खाली पाहिलं आणि सँडविच फेकून गाडी सुरू केली. चाकं जागच्या जागी फिरली. ओदीलने मागून खांदा लावला, एक हिसका बसला, गाडी वर गेली आणि ओदील नखशिखान्त चिखलाने माखली. तो उतरून धावत आला. उंच, उन्हाने रापलेला, ओशाळून लालबुंद झालेला...

"मी खाली दक्षिणेचा, लुइझियानाचा," तो म्हणाला, जणू त्याने सगळा खुलासा होत होता.

"तिकडे समुद्र नसतो?"

"असतो ना. पण तो जागेवर असतो."

तिला पुन्हा हसू फुटलं. त्याची फ्रेंच बोली तिच्या वारलेल्या आजोबांसारखी होती, तेच जुने शब्द, तोच लांबवलेला सूर, फक्त ऊन खाल्लेला. त्याने तिला तोंड पुसायला कागदी रुमाल दिला. त्याला सँडविचमधली मोहरीची चटणी लागलेली होती.

"चर्चजवळ जुन्या दप्तराची खोली आहे ना?" त्याने विचारलं. "तिथल्या बाई फार खाष्ट आहेत म्हणे. तीन पत्रं पाठवली त्यांनी. हात धुऊन या, पेन आणू नका, येण्याआधी खाऊन घ्या..."

"म्हणून सँडविच?"

"म्हणून सँडविच."

"बरं केलंत," कपाळावरची मोहरी पुसत ओदील म्हणाली. "दहाला उघडते मी."

त्याचं नाव आल्सीद गिड्री. दहाला पाच मिनिटं असताना तो दारात हजर होता, दोन्ही हात धुतल्याचं दाखवत. आणि आपण काय शोधतोय ते त्याने सांगितलं तेव्हा ओदीलची चेष्टा जरा आवरली.

सतराशे पंचावन्नच्या त्या हिवाळ्याआधी इंग्रजांनी ग्रां-प्रेच्या फ्रेंच लोकांची घरं जाळली आणि माणसं जहाजांत भरून चहूकडे पाठवून दिली, हे या किनाऱ्यावर कोणाला सांगावं लागत नाही. आल्सीदच्या घरात त्यातली एकच गोष्ट टिकली होती. नऊ वर्षांची मार्गरित आणि पंधरा वर्षांची आन, दोघी लांद्री बहिणी, धक्क्यावर हातात हात धरून उभ्या होत्या. मागून रेटा आला. हात सुटला. धाकटी एका जहाजात गेली, थोरली दुसऱ्या. मार्गरित मेरीलँडला उतरली, तिथून लुइझियानात पोचली, संसार केला, अकरा मुलं वाढवली, आणि म्हातारी होऊन गेली. आनचं काय झालं ते कोणालाच कळलं नाही.

"नोव्हेंबरात सर्व संतांच्या दिवशी आम्ही कबरींना चुना लावतो, मेणबत्त्या लावतो," आल्सीद म्हणाला. "एक मेणबत्ती कुंपणापाशी, नुसत्या गवतात लावायची. आनची. तिची कबर कुठे आहे ते माहीत नाही ना! आजी एकोणनव्वदची आहे. म्हणते, ती कुठे निजलीय ते कळू दे, मग मी माझी जागा धरते."

"आणि खूण काय? आन लांद्री नावाच्या बायका इथे पैशाला पासरी आहेत."

"एवढीच खूण आहे. शार्लोची, थोरल्या प्येरची."

ओदीलने मान हलवली. ही खूण तिच्या ओळखीची होती. एकाच आडनावाची दोनशे घरं असली की माणसं बापाच्या आणि आजोबाच्या नावानेच ओळखायची. इथे बाप शार्लो, आजोबा थोरला प्येर. आजही गावात कोणी नवं भेटलं की कसा आहेस हे नंतर, आधी तू कोणाचा?

मग दोन आठवडे दोघं एका मेजावर समोरासमोर बसले. बाहेर धुकं, आत कागदांचा जुनाट वास. तो पान उलटायचा तेव्हा श्वास रोखून धरायचा... ते तिच्या लक्षात यायचं, आणि मग तिचंच पानावरचं लक्ष उडायचं. तिसऱ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"ही बघ, एक आन सापडली!" तो आनंदाने म्हणायचा.

"ती दोन वर्षांची असताना गेली."

"मग ही?"

"हिला चार नवरे. तुझ्या आजीला चालेल?"

"आजीला विचारतो. मला चालेल. जगली तर होती ना!"

असा हा माणूस. ओदीलच्या मनात भलतंच काहीतरी घर करू लागलं होतं, आणि शनिवारच्या विमानाने तो परत जाणार होता.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी तो कॉफी आणायला गेला असताना ओदीलने लग्नाच्या परवानग्यांचं पुडकं सोडलं. नात्यातल्या नात्यात लग्न असलं की पाद्रीला बिशपची परवानगी मागावी लागे, आणि त्यासाठी पिढ्या मोजाव्या लागत. जुनी दप्तरं तर जळून गेलेली. मग पाद्री गावातल्या एखाद्या जाणत्या म्हातारीला बसवून घ्यायचा आणि ती सांगेल ते उतरवायचा. अठराशे एकच्या एका कागदावर अशीच एक म्हातारी बोलत होती.

'आन, शार्लोची, थोरल्या प्येरची. बॉस्टनहून नवऱ्याबरोबर पायी परत आली. सांगते की बापाला मुली दोन, दुसरी मार्गरित. ती दुसऱ्या जहाजात गेली. तिचं नाव घरातून जाऊ नये म्हणून थोरल्या लेकीचं नाव मार्गरित ठेवलं, पुढेही ठेवावं अशी तिची इच्छा.' खाली नातीचं नाव होतं, आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं. बेलिव्हो.

ओदीलने ते आडनाव पुन्हा वाचलं. ती स्वतः ओदील बेलिव्हो. बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव मारी-मार्गरित-ओदील. घरातल्या प्रत्येक थोरल्या मुलीच्या नावात मार्गरित का असतं, हे तिने लहानपणी विचारलं होतं. 'पहिल्यापासून आहे,' एवढंच उत्तर मिळालं होतं.

आनंदाने ओरडायला हवं होतं तिने. पण जिन्यावर त्याची पावलं वाजली, आणि मनात आलं... आता हा मला बहीण म्हणेल, दोन्ही गालांचे मुके घेईल आणि जाईल. तिने कागद दुमडला आणि शेवंडांच्या, म्हणजे लॉब्स्टरच्या, मासेमारी परवान्यांच्या खोक्यात सरकवला. पेन आणलं म्हणून लोकांना हाकलून देणाऱ्या ओदीलने!

"काही सापडलं?" त्याने कॉफी ठेवत विचारलं.

"नाही," ती म्हणाली. ती कॉफी तिला कडू जहर लागली.

शुक्रवारी झेनोबी आत्याने निरोपाचं जेवण ठरवलं. ओदीलला वाढवलं ते या आत्यानेच. बेत रापीरचा, म्हणजे किसलेल्या बटाट्याचं पाणी पार पिळून काढायचं, मग त्यात कोंबडीचा उकळता रस्सा घालून भट्टीत भाजायचं. पिळायला दोन माणसं लागतात. आत्याने फडक्याचं एक टोक आल्सीदच्या हातात दिलं, दुसरं ओदीलच्या.

"जोर लाव रे, गड्या! लुइझियानात हात दाखवायलाच ठेवतात काय?"

"आत्या, ही उलटीकडे पिळतेय!"

"ती लहानपणापासून उलटीच आहे. लग्न झालं का तुझं?"

"आत्या!" ओदील ओरडली.

"मी बटाट्याला विचारलं," आत्या म्हणाली.

फडक्याचा पीळ आवळत गेला तशी त्यांची बोटं जवळ येत गेली, आणि लागली. कोणीच हात काढून घेतला नाही. तेवढ्यात मेजावरचा त्याचा फोन वाजला. आल्सीदच्या आजीचा. त्याने कोपराने दाबून स्पीकरवर घेतला.

"बाळा, मिळाली का रे ती?" थकलेला, बारीक आवाज.

"नाही गं आजी. पुढच्या वर्षी पुन्हा येईन."

"पुढच्या वर्षी..." आजी हसली. "बरं. मेणबत्ती मग गवतातच लावू."

फोन बंद झाला. ओदीलने फडक्याचं टोक सोडलं. पुढच्या वर्षापर्यंत ही म्हातारी असेल? आणि नसली, तर ते कोणामुळे?

"ती मिळालीय," ती म्हणाली. "काल. मी लपवली."

आल्सीदने फडकं खाली ठेवलं. "का?"

"कारण... ती मिळाली की तू जाणार होतास. आणि ती माझीच पणजीची पणजी, का कोण जाणे कितवी, निघाली. म्हणजे मी तुझी कोणीतरी... आणि मला तुझी तशी कोणी व्हायचं नव्हतं!"

तो हात न पुसताच सरळ दाराबाहेर गेला.

"उभी काय राहिलीस?" आत्या म्हणाली. "आधी त्याची चीज त्याला दे. रडायचं ते नंतर रड."

ओदील धावत दप्तराच्या खोलीत गेली, खोक्यातून कागद काढला आणि तशीच किनाऱ्यावर आली. आल्सीद दगडांवर बसला होता. गाडी त्याने या वेळी पार वर, रस्त्याच्या पलीकडे लावली होती. तिने कागद पुढे केला. त्याने घेतला नाही.

"हातांना बटाटा लागलाय. तूच वाच."

तिने वाचला. शेवटी शेवटी तिचा आवाज फाटला. आल्सीदने बाहीने डोळे पुसले.

"आजीचा एक दिवस घेतलास तू," तो म्हणाला. "त्याचा राग आलाय मला. उद्यापर्यंत तरी राहील."

"राहू दे."

"पण खरं सांगू? तिसऱ्या दिवसापासून मी पानं हळू उलटत होतो. ती सापडू नये... इतक्यात सापडू नये, असं वाटायचं. आजीशी बोलताना लाज वाटायची मला." त्याने तिच्याकडे पाहिलं. "ओदील, मलाही तुझं तसं कोणी व्हायचं नाहीये."

"मग आत्याला मोजायला सांगू पिढ्या?"

दोघं स्वयंपाकघरात परतल्यावर आत्याने पिठाळ बोटांवर मोजल्या, दोन्ही हात पुरले. "वरून खाली आठ. पाद्री चौथीपर्यंतच विचारायचा. अगं, या किनाऱ्यावर याच्याहून लांबचा नवरा तुला मिळायचा नाही!"

मग आल्सीदने आजीला पुन्हा फोन लावला. आन पायी घरी आली होती, म्हातारी होईपर्यंत जगली, नातीचं लग्नही पाहिलं तिने आणि इथल्याच मातीत निजली, हे सांगताना त्याला तीनदा थांबावं लागलं.

"कोणी शोधलं रे?" आजीने विचारलं.

"एका मुलीने. इथेच आहे, बोल तिच्याशी."

ओदीलने फोन घेतला.

"पोरी," आजी म्हणाली, "तू कोणाची?"

आयुष्यभर या प्रश्नाला तिने बापाचं नाव सांगितलं होतं. या वेळी तिने डोळे मिटले.

"शार्लोची, थोरल्या प्येरची. नाव मारी-मार्गरित."

आजी रडली की हसली ते कळेना, बहुतेक दोन्ही. "अगं बाई! किती गं उशीर केलास," ती म्हणाली. "या नोव्हेंबरात ये. ती मेणबत्ती तुझ्या हाताने लावायची. आणि माझ्या नातवाला सांग, धक्क्यावर हात नीट धर म्हणावं."

आल्सीदने ते ऐकलं होतं. बटाट्याने चिकट झालेल्या हातात त्याने तिचा हात घट्ट धरला.

"झालं असेल तर पिळा आता," आत्या म्हणाली. "रस्सा उकळतोय."

"एका हाताने कसं पिळणार, आत्या?" ओदीलने विचारलं.

"तुमचं तुम्ही बघा," आत्या म्हणाली आणि फडक्याची दोन्ही टोकं त्यांच्या मोकळ्या हातांत दिली.