बाभळीच्या वळणावरचा फ्लेक्स

दिवेलागणीला सुरज विळा घेऊन निघाला. काम साधंच होतं. बहीण वैष्णवी नेकनूरहून क्लास करून स्कूटीवर परत यायच्या आत फ्लेक्स उतरवायचा.

रस्ता सुरक्षा अभियानाचा तो फ्लेक्स चुलते सुंदररावांनी, म्हणजे तात्यांनी, नांदूरघाटच्या रस्त्यावर, बरोबर बाभळीच्या वळणावर बांधला होता. जन्मात हेल्मेट न घातलेले तात्या त्यावर हेल्मेट घालून, हात जोडून उभे. ‘सावकाश जा, घरी वाट बघतायत.’ खाली शुभेच्छुकांच्या गोल फोटोंची रांग. फ्लेक्स एवढा मोठा, की पलीकडून काय येतंय ते दिसायचंच नाही. आधी ऊसतोडीची बायनाबाई तिथं गेली, परवा सुरजचा दोस्त युवराज. दोघंही बिनदिव्याच्या ट्रॅक्टरखाली.

दुपारीच सुरज तात्यांना म्हणाला होता, "काढा तो. वळण दिसत न्हाई."

"अभियानाचे साहेब येऊन जाऊ दे. लोकांनी वाचाय पायजे का न्हाई?"

"युवराज वाचतच गेला."

"कॉलेज सोडून बसला, अन् मला रस्ता शिकवतो का बे?"

बैठकीतले म्हातारे खो खो हसले. असं हसून हसूनच त्यांनी गावातली निम्मी पोरं मुकी केलीत.

वळणावर चिटपाखरू नव्हतं. वारा पडला होता, तरी फ्लेक्स फुगत होता, बसत होता... मागं उभं राहून कुणी दम घ्यावा तसा. आंबलेल्या उसाचा वास येत होता. सुरज मागं जाऊन बघून आला. कुणी नव्हतं.

त्यानं मोबाईलचा उजेड पाडला. रांगेत युवराज होता.

युवराज तात्यांच्या विरोधी पार्टीचा. त्याचा फोटो इथं कोण लावणार? त्याच्या शेजारी बायनाबाई, कपाळावरचं कुंकू ओघळलेलं. तिनं तर जन्मात फोटो काढला नसेल. आणि शेवटचा गोल कोरा.

"युवराज... कुणासाठी ठेवली बे ही जागा?"

लांबून स्कूटीचा आवाज आला.

सुरजनं दोऱ्या सपासप कापल्या. फ्लेक्स अंगावर कोसळला. गरम होता. तोंडाला असा चिकटला, की श्वास घेता येईना... झटापट करून तो कसाबसा बाहेर आला, तेव्हा समोर वैष्णवी थांबली होती. धडधाकट.

"दादा, रस्त्यात काय करतो? तात्या उद्या बोंबलतील."

"बोंबलू दे." त्याला हसू आलं.

तिनं स्कूटीचा उजेड खाली पडलेल्या फ्लेक्सवर धरला. "अन् तू कवापासून तात्यांचा शुभेच्छुक झाला रे? हे बघ की... शेवटचा."

कोऱ्या गोलात सुरज होता. डोक्यावर हेल्मेट. त्याच्याकडं हेल्मेट कधी नव्हतंच.

"वैष्णवी," तो हळू म्हणाला, "गाडी कडंला घे... बोलू नको."

आता वळण पार पलीकडपर्यंत दिसत होतं. रस्ता रिकामा होता. ट्रॅक्टरचा आवाज मात्र जवळ जवळ येत होता.