आठवा तुकडा

देझोच्या मळ्यावर डुक्कर कापायचं म्हणजे प्रत्येकाचं काम ठरलेलं. सुरी आणि मोगरी देझोकडे. मान आणि पुढचे पाय त्याचा थोरला मुलगा बर्नाबाश दाबणार, मागचे पाय शेजारी. रक्ताखाली परात धरायची ती मुलीने, एमोकेने. आणि शेपूट जावयाने. शेपूट धरून काही होत नाही. पण जावई हा दशमग्रह, मोकळा सोडला तर सगळ्यांच्या पायात येतो. म्हणून त्याच्या मुठीत शेपूट द्यायची आणि दिवसभर त्याला हसायचं, अशी तिकडची रीत.

लेवेन्ते हा एमोकेचा दुसरा नवरा. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. माको गावात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि रक्त त्याला सोसत नसे. त्या जानेवारीत सासरी पहिल्यांदाच डुक्कर कापायला जायचं तर त्याने युक्ती काढली, सोबत कॅमेराच नेला.

"लोरांतला पाठवायचंय," तो म्हणाला. लोरांत म्हणजे देझोचा धाकटा, टोरांटोत स्थायिक झालेला.

"शेपटीला घाबरला रे दाजी!" बर्नाबाश ओरडला आणि सगळ्यांनी पालिंकाचे, फळांच्या कडक दारूचे, पेले रिकामे केले. "पडद्याआडची सून आहे ही!"

मग डुकराच्या खोपटाचं दार उघडलं. दीडशे किलोचं जनावर बर्फावरून ओढत आणलं तेव्हा त्याची किंकाळी कानाच्या पडद्यात घुसली. देझोने कपाळावर मोगरीचा एकच घाव घातला, डुक्कर गुडघ्यांवर आलं आणि सुरी गळ्यात मुठीपर्यंत गेली. रक्त परातीत पडायला लागलं. एमोके दुसऱ्या हाताने मीठ टाकून ते ढवळत होती, गोठू नये म्हणून. लेवेन्ते विहिरीजवळ उभा राहून चित्रण करत होता. वाफ नाकात गेली तसा त्याला दोनदा ठसका लागला. त्या दिवशी शेपूट कोणीच धरली नाही.

तेव्हा मेलच्या खात्यात नुकतीच भरपूर जागा मिळू लागली होती आणि कोणीतरी एक छोटासा प्रोग्राम काढला होता. तो टाकला की मेलचं खातं कॉम्प्युटरवर एखाद्या ड्राइव्हसारखं दिसायचं. फाईल उचलून त्यात टाकली की ती मुकाट्याने स्वतःलाच मेल होऊन जायची. लोरांतला पासवर्ड दिला की टोरांटोत त्याच्यासमोर तोच ड्राइव्ह उघडणार. फुकटातली तिजोरीच म्हणायची. अडचण एवढीच की एका मेलमध्ये मोठी फाईल मावत नसे, तुकडे करावे लागत. लेवेन्तेने चित्रणाचे सात तुकडे केले, क्रमांक दिले, टाकून दिले आणि विसरून गेला.

आठवड्याने लोरांतचा फोन आला, दुकानात.

"दाजी, आठवा तुकडा एकदम झकास आलाय. पण आकोश परत आलाय, हे मला कोणी सांगितलंच नाही!"

आकोश म्हणजे एमोकेचा पहिला नवरा. चार वर्षांपूर्वी तो दुसऱ्या बाईबरोबर ऑस्ट्रियाला पळून गेला, असं घरात सांगत. फार काही सांगत नसत.

"आठवा कुठला? सातच आहेत."

"अरे, माझ्यासमोर चालू आहे ना! शेपूट धरून हसतोय गाढव. तीच हिरवी टोपी, ताईने विणलेली."

लेवेन्तेने ड्राइव्ह उघडला. आठवी फाईल होती. तोच बर्फ, तेच डुक्कर, तीच विहिरीजवळची जागा. फक्त मागच्या बाजूला हिरव्या टोपीतला एक माणूस वाकला होता आणि त्याने शेपूट मुठीभोवती दोन वेढे देऊन धरली होती. मोगरी पडली, सुरी गेली, रक्त आलं. मध्येच दोनदा खोकल्याचा आवाज झाला. तो खोकला लेवेन्तेचाच होता. मग बर्नाबाश मान वळवून म्हणाला, "दाजी, आता सोड. सरळ उभा राहा." आणि चित्र थांबलं.

त्याने कॅमेऱ्यातली टेप पुन्हा पुन्हा पाहिली. टेपमध्ये शेपटीजवळ कोणी नव्हतं. कोणीतरी चेष्टा करतंय म्हणावं, तर त्याचा खोकला कोण उसना आणणार? त्याने फाईल पुसली, पासवर्ड बदलला. लोरांतला सांगितलं की जुनं काहीतरी मिसळलं असेल.

"जुनं कुठून मिसळणार?" लोरांत म्हणाला. "आकोशच्या वेळी आपल्याकडे कॅमेरा तरी होता का?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फाईल परत जागेवर होती. मेलमध्ये जाऊन पाहिलं तर पाठवणारा तो स्वतःच. आणि ती आता लांबली होती.

हिरव्या टोपीतला माणूस शेपूट सोडून सरळ उभा राहिला. तो हसत होता. बर्नाबाशने मागून त्याचे दंड धरले आणि तरीही तो हसत होता, चेष्टाच चालली आहे असं समजून. देझो मोगरी घेऊन पुढे आला. पहिला घाव कपाळावर बसला. कडक लाकूड फुटतं तसा आवाज झाला. माणूस गुडघ्यांवर आला, टोपी डोळ्यांवर सरकली. दुसरा घाव कानावर बसला, त्याने त्याचं तोंडच वाकडं झालं. बर्नाबाशने केस धरून मान मागे ओढली. स्वयंपाकघराच्या दारातून एमोके दुसरी परात घेऊन बाहेर आली. चालता चालता तिने तीत चिमूटभर मीठ टाकलं.

पुढचं लेवेन्तेला बघवलं नाही. दुकानामागच्या मोरीत तो पोट रिकामं होईपर्यंत ओकला. त्याचं एमोकेवर खरंच प्रेम होतं. तिचे हात त्याला आवडायचे, डावी वाकडी करंगळीसुद्धा. ती दारात सापडली होती, असं तिने सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी ती कांदा परतत असताना त्याने विचारलं, "आकोश कुठे आहे?"

"ऑस्ट्रियात."

"परात कोणी धरली होती, एमोके?"

तिने कढईतला कांदा उलटला. मग म्हणाली, "माझी करंगळी कोणी मोडली, हे विचारलंस कधी?"

"मी काय विचारतोय!"

"आणि मी काय सांगतेय?"

त्याचा हात उठला. कसा उठला हे त्याला स्वतःलाच कळलं नाही, पण आवाज घरभर झाला आणि तिचं डोकं कपाटावर आपटलं. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं. लेवेन्तेने आयुष्यात कोणावर हात टाकला नव्हता. तो तिथेच खाली बसला, तिचे पाय धरले, रडला. ती रडली नाही.

"ऊठ," ती म्हणाली. "झालं ते झालं." आणि तिने गॅस बंद केला.

लेवेन्तेने तो प्रोग्राम काढून टाकला, मेलचं खातंच बंद केलं. ब्याद गेली, असं त्याला वाटलं. शुक्रवारी बर्नाबाश दुकानात आला. एरवी तो दारातूनच शिव्या हासडत यायचा, आज हळू आवाजात बोलला.

"रविवारी दुसरं डुक्कर कापतोय, दाजी. लहानच आहे. कॅमेरा राहू दे घरी. मागच्या खेपेला शेपूट चुकवलीस."

"दुकानाचं काम आहे रे..."

"एमोकेला भेटूनच आलोय," बर्नाबाश म्हणाला. "बाबा वाट बघतायत."

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं आणि कारण एमोकेच्या ओठावर होतं. शिवाय आपण उगाच भितोय, असंही त्याने मनाला बजावलं. माफी मागितली होती. तिने माफ केलंही होतं.

रविवारी बर्फ पडला होता. शेजारी आले नव्हते.

"एवढ्याशा डुकराला किती माणसं लागतात?" देझो म्हणाला आणि त्याने जावयाला स्वतःच्या हाताने पालिंका ओतून दिली. त्यावरून कोणी हसलं नाही.

डुक्कर ओढत आणलं. लेवेन्तेने शेपूट धरली. ती गरम होती आणि हातातून निसटत होती, म्हणून त्याने मुठीभोवती दोन वेढे दिले.

मागून एमोके आली. तिने त्याच्या डोक्यावर काहीतरी घातलं आणि दोन्ही कानांवर ओढून नीट बसवलं.

"गारठशील," ती म्हणाली.

लोकरीची कड त्याच्या कपाळावर आली होती. हिरवी.

मोगरी पडली. सुरी गेली. किंकाळी थांबली. एमोकेने भरलेली परात आत नेली.

लेवेन्तेने विहिरीकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं.

विहिरीजवळ कोणीतरी दोनदा खोकलं.

"दाजी," बर्नाबाश म्हणाला, "आता सोड. सरळ उभा राहा."

स्वयंपाकघराच्या दारातून एमोके दुसरी परात घेऊन बाहेर आली. परात रिकामी होती, घासून लख्ख केलेली. चालता चालता तिने तीत चिमूटभर मीठ टाकलं.