डावखुरं मशीन

"गेलं," मामा म्हणाला आणि त्याने फोन पुठ्ठ्यांच्या थप्पीवर ठेवला. "शेवटच्या मिनिटाला कुणीतरी माझ्यापेक्षा चढी बोली लावली."

भिंगरी आणि तिचा धाकटा भाऊ मास्तर, दोघांची तोंडं उतरली. सुट्टीत ती मामाकडे आली होती आणि आठवडाभर या ऑनलाइन लिलावावर डोळा ठेवून होती. सगळ्यांच्या चुका काढतो म्हणून धाकट्याला मास्तर म्हणत. भिंगरी एका जागी टिकत नसे म्हणून भिंगरी.

मामा पुस्तकं बांधायचा. तो डावखुरा होता, पण त्याच्या कागद कापायच्या मशीनचा दांडा होता उजवीकडे. वीस वर्षं तो ओढून ओढून उजवा खांदा पार कामातून गेला होता. लिलावातल्या मशीनचा दांडा मात्र डावीकडे! असं मशीन मामाने जन्मात पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात फोनवर विकणाऱ्याचा निरोप आला. भिंगरीने मोठ्याने वाचला, "जिंकलेल्या माणसाने माघार घेतली. तुमची बोली दुसरी होती. आता साइटवर न जाता पैसे थेट मला पाठवा, कमिशन वाचेल. तासाभरात कळवा, मागे लोक थांबलेत."

"म्हणजे आपलंच की," मास्तर म्हणाला.

भिंगरी फोटो मोठा करून बघत होती. मशीनशेजारी एक माणूस उभा होता, पण त्याचा चेहरा फोटोत आला नव्हता. "मामा, याच्या शर्टाचा खिसासुद्धा डावखुरा आहे. बघ, छातीवर उजवीकडे."

"शिंपीही डावखुरा असणार," मामा म्हणाला आणि तिघंही पोट धरून हसली.

मामाला फोनवरून पैसे पाठवणं नीट जमत नसे. मशीनच्या रकमेचा आकडा भिंगरीने घातला. मामाने फक्त आपला गुप्त क्रमांक टाकला.

पाच दिवसांनी दुसरा निरोप आला. मशीन गाडीवर चढवलंय, विम्याचे पैसे पाठवा, नाहीतर गाडी निघणार नाही. मामा आरशासमोर केस विंचरत होता. "भिंगरे, ये गं. तेवढे पाठवून टाकू."

भिंगरी त्याच्यामागे येऊन उभी राहिली आणि आरशाकडे बघतच राहिली. आरशातल्या मामाचा खिसा त्याच्या छातीवर उजवीकडे होता, फोटोतल्या माणसासारखा.

"मामा, थांब. पैसे पाठवू नकोस."

"का गं?"

"तो फोटो उलटा आहे. आरशातल्यासारखा."

मास्तरने फोन घेतला आणि फोटोची बाजू पालटली. माणसाचा खिसा डावीकडे आला. दांडा उजवीकडे गेला. मशीनच्या पट्टीवरचे आकडे इतके दिवस कुणाला लागत नव्हते, ते आता सरळ वाचता आले. मग त्याने तो फोटो इंटरनेटवर शोधला. दोन वर्षांपूर्वीची, दुसऱ्याच गावातल्या छापखान्याची जाहिरात निघाली. तेच मशीन, तोच माणूस, चेहऱ्यासकट. खाली लिहिलं होतं, 'विकले गेले.'

मामा स्टुलावर बसला. "त्या छापखान्यानेच याला विकलं असेल. असू शकतं ना?"

"असू शकतं. पण मग दांडा डावीकडे कसा गेला?" मास्तर म्हणाला. "आपण त्यालाच विचारू."

भिंगरीने निरोप लिहिला, 'मशीनवर आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवून नवा फोटो पाठवा.'

उत्तर आलं, 'एवढा वेळ नाही. विश्वास नसेल तर राहू द्या.'

'चिठ्ठी ठेवायला किती वेळ लागतो?' मास्तरने लिहिलं. त्यानंतर काहीच आलं नाही. फोन लावला तर तो नंबर बंद.

सगळं ऐकून मामी आतून आली आणि तिने लगेच बँकेत फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी कळवलं असतंत तर कदाचित पैसे अडवता आले असते. आता ते पुढे गेलेत. तक्रार नोंदवते, पोलिसांकडेही करा."

मास्तरने लिलावाच्या साइटवरही सगळं कळवलं होतं. तिथल्या अधिकाऱ्याने संध्याकाळी फोन केला. तोच फोटो दुसऱ्या नावाने आणखी एका लिलावात चालू होता, तो त्यांनी बंद केला होता. "तिथे चौघांनी बोली लावली होती. ते चौघे वाचले. तुमचा व्यवहार मात्र साइटबाहेर झाला, तिथे आमचे हात पोचत नाहीत. मुलांना माझी शाबासकी सांगा."

मामीने दोघांच्या पाठीवरून हात फिरवला. मास्तर खुलला. भिंगरी खाली बघत राहिली.

"कसली शाबासकी? खिसा मला त्याच दिवशी दिसला होता. मी त्याचा विनोद केला."

"आणि मी हसलो," मामा म्हणाला. "पुस्तकात एक पान उलटं लागलं तरी मला लगेच कळतं. इथे अख्खा फोटो उलटा होता. पण मला तसंच मशीन हवं होतं ना, मग दिसणार कसं?"

"म्हणजे डावखुरं मशीन नसतंच?"

"असेलही कुठेतरी. मिळालं तर आधी जाऊन हात लावून बघू. आणि तासाभरात पैसे मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार."

तो उठला. वह्यांची थप्पी मशीनखाली सरकवून त्याने उजवा हात दांड्याकडे नेला, आणि खांदा दुखल्यामुळे क्षणभर थांबला.

"मी ओढू?" भिंगरीने विचारलं.

"नको, पातं आहे. तू त्या दुसऱ्या थप्पीच्या कडा जुळव."

भिंगरी कडा जुळवायला बसली. त्या कधीच जुळल्या होत्या, तरी ती जुळवतच राहिली.